मास्तर बदलावेत काय?

आमचा आणि कबड्डीचा संबंध आता केवळ जिभेपुरता उरला आहे. एके काळी आम्हीही डाव्या कोपऱ्यात उभे राहून चारचौघांचे घोटे धरले आहेत, आणि त्याचा पुरावा म्हणून उजव्या गुडघ्यातील एक जुनी कळ दर पावसाळ्यात साक्षीस उभी राहते. परंतु हल्ली आमचे कर्तृत्व सामना संपल्यावर सुरू होते. मैदानात ज्याला पाय उचलवत नाही, त्याला मैदानाबाहेर मत उचलून धरण्यास काय हरकत आहे?

आमच्या उरणात तर अशा मतांचा सुकाळच आहे. भात कापून शेते मोकळी झाली की गावोगाव जमीन पाणी मारून, चोपून क्रीडांगणे तयार होतात आणि रात्ररात्र सामने चालतात. करंजापासून चिरनेरपर्यंत कबड्डीवर मत नसलेला मनुष्य सापडणे, हे मिठागरात गोड्या पाण्याचा झरा सापडण्याइतकेच कठीण. पूर्वी हे वाद मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँचमध्ये रंगत. २०२४ सालच्या जानेवारीत उरणपर्यंत लोकलगाडी आली, आणि वादास आणखी काही बाके मिळाली एवढेच.

गेल्या वर्षी या सर्व बाकांवर एकच प्रश्न होता. तालुक्यातील एका महाविद्यालयाचा संघ सलग तीन वर्षे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत पहिल्याच फेरीत गारद झाला होता. शेवटच्या सामन्यात आमच्या मुलांनी एकोणतीस गुण मिळविले आणि एकेचाळीस दिले. एकोणतीस गुणांत पुष्कळ सामने जिंकता येतात. तेव्हा चढाई करणारे निर्दोष ठरले आणि सारा दोष पकडीवर आला. पकड शिकवीत होते आमचे मास्तर. मग प्रश्न निघाला, की मास्तर बदलावेत काय?

मास्तर हे शाळेतले मास्तर नव्हेत. त्यांची नोकरी मिठागरावर हिशेब लिहिण्याची. पण संध्याकाळी पाच वाजता वही मिटली की ते मैदानावर येत, आणि एक पैसा न घेता तीन पिढ्यांना त्यांनी घोटा धरावयास शिकविले. आम्ही त्यांपैकी मधल्या पिढीतले. त्यांचा पहिला धडा असा: "गड्याचं तोंड बघू नकोस, त्याची टाच बघ. तोंड खोटं बोलतं." चढाईस आलेला गडी डोळ्यांनी एकीकडे पाहतो आणि पाय दुसरीकडे टाकतो, परंतु परत फिरण्यापूर्वी त्याची टाच क्षणभर जमिनीत रुतते, आणि तो क्षण कोपऱ्यातल्या गड्याचा. तोपर्यंत थांबावयाचे. मास्तरांच्या सर्व विद्येचे सार म्हणजे हे थांबणे होते.

आता ज्यांना हा खेळ दुरूनच ठाऊक आहे त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. पुरुषांचे क्रीडांगण तेरा मीटर लांब व दहा मीटर रुंद. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदानरेषा आणि तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा. बचावास सातजण, दोघे दोन्ही कोपऱ्यांत, बाकीचे मधल्या फळीत, शेजाऱ्याचा हात धरून साखळी केलेले. चढाई करणाऱ्यास तीस सेकंदांची मुदत. मातीच्या मैदानावर अनवाणी पायाने तो वळतो तेव्हा माती त्याला किंचित धरून ठेवते. म्हणजे माती ही बचावाची आठवी खेळाडूच म्हणावयाची. परंतु आता मोठे सामने मॅटवर, पायात बूट घालून होतात. बुटाला मॅटवर पकड मिळते, गडी जागच्या जागी वळतो, आणि टाच रुतण्याची वाट पाहणारा कोपरा वाट पाहतच राहतो. तोवर गड्याने बोनस रेषा ओलांडून एक गुण खिशात घातलेला असतो.

नव्या पक्षाचे म्हणणे यावरच उभे होते. त्यांच्या मते आता थांबण्याचे दिवस गेले. कोपरा आणि मधली फळी यांनी एकदम पुढे सरकून गडी आत शिरण्याआधीच त्याला धडकले पाहिजे. १ मार्च २०२४ रोजी पुण्याच्या संघाने हरियाणावर २८–२५ अशी मात करून व्यावसायिक लीगचे आपले पहिले विजेतेपद मिळविले; त्या हंगामात सर्वांत अधिक पकडी करणारा त्यांचा खेळाडू मोहम्मदरेझा शादलुई हा इराणी. कोपऱ्यातला इराणी जवान आपणहून गड्यावर झेप घेतो आणि आमच्या आगरी-कोळ्यांच्या पोरांनी मात्र बगळ्यासारखे उभे राहावे, हा कोणता न्याय?

जुना पक्षही काही निरुत्तर नव्हता. लीगने रूढ केलेल्या नियमाप्रमाणे दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण मिळविणे भाग पडते, नाहीतर गडी बाद. मग दोन वेळा धीर धरणाऱ्याकडे गडी तिसऱ्या वेळी आपल्या पायांनी चालत येणार नाही काय? थांबण्याला याहून मोठे बक्षीस कोणत्या नियमाने दिले होते?

गंमत अशी की दोन्ही पक्षांचा लाडका दाखला एकच होता. २०१८ साली जकार्ता येथील आशियाई स्पर्धेत, १९९० पासून सलग सात सुवर्णपदके मिळविणाऱ्या भारताच्या पुरुष संघास इराणने उपांत्य सामन्यात २७–१८ असे हरविले. पाठोपाठ महिलांचा अंतिम सामनाही भारताने इराणकडून २७–२४ असा गमावला, आणि त्या इराणी मुलींच्या प्रशिक्षिका होत्या आमच्या नाशिकच्या शैलजा जैन! नवा पक्ष म्हणे, पाहा, मार्गदर्शक बदलला की संघ बदलतो. जुना पक्ष म्हणे, पाहा, आपल्याच मातीतली विद्या घेऊन लोक सुवर्णपदके नेतात आणि आपण ती अडगळीत टाकतो. पुढे २०२३ साली हांगझाऊ येथे भारताने दोन्ही सुवर्णपदके परत मिळविली. तीही दोघांनी आपापल्या बाजूला ओढून घेतली. दाखला हा मोठा आज्ञाधारक प्राणी आहे. ज्याच्या हाती दोरी त्याच्यामागे जातो.

हा वाद नुसत्या करमणुकीचा असता तर आम्हीही तो खुशाल चालू दिला असता. परंतु त्या सातजणांत अशी मुले आहेत की ज्यांच्या आजोबांची शेते नव्या मुंबईसाठी गेली आणि ज्यांच्या वडिलांना कंटेनरच्या गोदामात आज काम आहे, उद्याचे ठाऊक नाही. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव असतात. त्या दाराशी पोहोचावयाचे तर अगोदर विद्यापीठाच्या, राज्याच्या पायऱ्या चढाव्या लागतात. पहिल्याच फेरीत हरणाऱ्या संघातील मुलाकडे निवड समितीची नजर कशी जाणार? आमच्यासाठी जो वाद होता, तो त्यांच्यासाठी पोटाचा प्रश्न होता.

माजी विद्यार्थी म्हणून आम्ही महाविद्यालयाच्या क्रीडा समितीवर आहोत. सभेच्या आदल्या रात्री हा सारा पेच आम्ही मोठ्या विस्ताराने घरात मांडला. आमच्या सौभाग्यवती शिक्षिका आहेत; त्या वह्या तपासता तपासता ऐकत होत्या. मान वर न करताच त्यांनी विचारले, "अहो, पण मुलं सराव कशावर करतात?"

"मातीवर."

"आणि परीक्षा?"

"मॅटवर."

"मग नापास मास्तर कसे झाले?"

आम्ही निरुत्तर झालो. महिनाभर तालुका ज्या प्रश्नावर भांडत होता, त्या प्रश्नाच्या पायाखाली काय अंथरले आहे हे कोणी पाहिलेच नव्हते. आमच्या मुलांचे पाय मॅटला लागत ते थेट स्पर्धेच्या दिवशी. मास्तर थांबावयास शिकवोत की झेप घेण्यास, ती विद्या मुलांनी आजमावावयाची कोठे? हे उद्या सभेत मांडावयाचेच, असा निश्चय करून आम्ही झोपलो.

सभेत प्रथम शिलकेचा आकडा वाचला गेला, आणि तो ऐकताच मॅटचा विषय सभागृहातून आपणच निघून गेला. मग पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका घेतलेल्या एका तरुणाचा अर्ज पुढे आला. आमचा हात अर्धा वर गेला होता. तेवढ्यात कोणीतरी आठवण दिली की मॅट विषयपत्रिकेवर नाही. हात खाली आला, आणि पुन्हा वर गेला तो मास्तरांना बदलण्याच्या बाजूने.

त्या मताची आम्हांस लाज वाटते असे नव्हे. नवी पद्धत मुलांना यावयास हवी होती, आणि सत्तरी ओलांडलेल्या मास्तरांकडून ती येणे कठीण होते, हे आम्हांस तेव्हाही पटले होते आणि आजही पटते. लाज वाटते ती ठरावातील एका वाक्याची. "बचावातील सततचे अपयश लक्षात घेऊन" असे त्यात लिहिले होते. माणूस बदलणे कधी कधी आवश्यक असते. परंतु पुष्कळदा तो बदलला जातो याचे कारण एवढेच, की बदलता येण्याजोग्या सर्व वस्तूंत तो सर्वांत स्वस्त असतो. आणि हा स्वस्त व्यवहार आपण झाकतो कसा? तर त्याच माणसावर अपयशाची चिठ्ठी चिकटवून. ते वाक्य गाळा, असे म्हणावयास मॅटची किंमत लागत नव्हती. आम्ही ते म्हटले नाही.

संध्याकाळी निरोप सांगण्यास आम्हीच गेलो. मास्तर अंगणात बसले होते. "नियम बदलले मास्तर, मॅट आली, म्हणून…" असे काहीतरी आम्ही बोललो. ठरावातले वाक्य सांगवले नाही. त्यांनी आमच्या तोंडाकडे पाहिले नाही. ते खाली, आमच्या पायांकडे पाहत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "डाव्या कोपऱ्यातला पोरगा झेपेआधी उजवा पाय उचलतो. नव्या मास्तरांना सांगून ठेव. नाहीतर त्यांचा महिना तेवढं कळण्यातच जाईल."

आम्ही तसे सांगितले. नव्या प्रशिक्षकांनी ते वहीत टिपून घेतले. मनुष्य चांगला आहे. या हंगामात संघाने गुण कमी दिले, एक फेरी जिंकली आणि दुसरीत हरला. मास्तर आता शेतातल्या क्रीडांगणावर शाळकरी पोरांना घोटा धरावयास शिकवितात, आणि महाविद्यालयाचा सराव असला की कधी कधी कुंपणाबाहेर उभे राहतात.

नव्या प्रशिक्षकांनी रुजू झाल्यावर समितीकडे केलेला पहिला अर्ज मॅटसाठी आहे. पुढील सभेच्या विषयपत्रिकेवर तो आला आहे आणि शिलकेचा आकडा काही वाढलेला नाही. जुन्या ठरावातील ते वाक्य काढून टाकावे, अशी सूचना आम्हीही लेखी दिली आहे. सभेत पुन्हा आमचा हात अर्ध्यावरून खाली येऊ नये, म्हणून ही हकिकत चार वाचकांसमक्ष येथे लिहून ठेवीत आहोत.