जामसंड्याच्या ओटीवरील पर्वत

निपाणीहून राधानगरी, दाजीपूर करीत फोंड्याचा घाट उतरला कीं घाटमाथ्यावरचा गार वारा एकाएकीं नाहींसा होतो, आणि नांदगांव, शिरगांव, तळेबाजार हीं गांवें मागें टाकीत गाडी जामसंड्याच्या सड्यावर येते. येथें डोंगर असा नाहींच. तांबड्या जांभ्याचा सडा, त्यावर हापूसच्या बागा, दिर्बा रामेश्वराचें देऊळ, आणि पलीकडे देवगडचें बंदर. उंच म्हणावें असें कांहीं असेल तर तीं आंब्याचीं झाडें व परसांतले माड. अशा या गांवीं, ऐन आंब्याच्या हंगामांत, आमच्या घरची सारी मंडळी आठ रात्री एका पर्वताच्या पायथ्याशीं बसून होती, ही मोठ्या मौजेची गोष्ट आहे.

पर्वत आणला माझ्या पुतण्यानें. त्यानें आपला संगणक ओटीवरील दूरचित्रवाणीच्या पडद्यास जोडला आणि 'केर्न' नांवाचा एक खेळ मांडला. वाटसरूंना मार्ग कळावा म्हणून डोंगरांत दगडांवर दगड रचून ठेवतात, त्या राशीचें हें नांव. फ्रान्समधील 'द गेम बेकर्स' या मंडळींनीं तो तयार केला आहे. आवा नांवाची एक गिर्यारोहक स्त्री कामी नांवाच्या पर्वताचें शिखर गांठूं पाहते. तेथें आजवर कोणीहि पोंचलेलें नाहीं. कथानक म्हणाल तर एवढेंच.

संगणकावरचे खेळ मला आवडत नाहींत, हें मी प्रथमच कबूल करतों. त्यांतला वीर एका उडींत भिंत ओलांडतो, आणि खेळणारा मुलगा मात्र जांभई देतो. येथें तसें नाहीं. आवाचा एक हात, मग एक पाय, मग दुसरा हात, असा प्रत्येक अवयव खेळणाऱ्यानें स्वतः उचलून खडकाच्या भेगेंत ठेवावा लागतो. तिचें बळ किती उरलें तें सांगणारी पट्टी पडद्यावर नाहीं. पाय लटपटूं लागला, श्वास जड झाला, कीं त्यावरून ओळखावयाचें. जुने वैद्य नाडी पाहून सांगत, त्यांतलाच हा प्रकार. मुलगा एरवीं हांक मारली तरी ऐकत नाहीं. येथें तो एका स्त्रीच्या श्वासाकडे कान लावून बसला होता! पोलादी खिळे मोजके. वेडावांकडा ठोकला तर खिळा वांकतो. दोर सांभाळावयास क्लाइम्बॉट नांवाचें एक लहानसें यंत्र सोबतीस असतें. शिवाय भूक, तहान आणि थंडी हीं आहेतच. मुक्कामाचा तंबू आला म्हणजे तिनें शिजवून खावयाचें, बोटांना पट्ट्या गुंडाळावयाच्या आणि निजावयाचें.

बागेचा नेपाळी राखणदार रोज रात्रीं पायरीवर येऊन बसे. आम्ही सारे कड्याकडे पाहत असूं, तो तंबूची वाट पाही. "आज बाई काय शिजवणार?" हा त्याचा ठरलेला प्रश्न. हिमालयाच्या कुशींतून आलेल्या त्या माणसास शिखराचें कौतुक नव्हतें. पाणी कोठून भरलें, हें मात्र तो नीट पाहून घेई.

आईचा प्रश्न निराळा. तिसऱ्या दिवशीं ती म्हणाली, "अरे, ही बया उतरत्ये कधीं?" पुतण्या हंसला. आई मात्र हंसली नाहीं. तिनें हिरकणीची कथा काढली. रायगडाचे दरवाजे मिटल्यावर तान्ह्या लेकरासाठीं अंधाऱ्या रात्रीं कडा उतरून गेलेल्या गवळणीची आख्यायिका मराठी घरांत कोणास ठाऊक नाहीं? 1670 सालीं तानाजी व त्याचे मावळे कोंढाण्याचा कडा चढून गेले, त्याचें आपण पोवाडे गातों. उतरणाऱ्या बाईचें नांव बुरुजास मिळालें खरें, पण चढणें म्हणजे पराक्रम, हेंच आमच्या मुलांच्या मनांत भरतें.

या खेळाहून मोठा एक प्रश्न त्या दिवसांत घरांत होता. 1965 सालीं स्थापन झालेल्या उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेंत 28 दिवसांचें शिक्षण घ्यावयाचें, असें पुतण्यानें ठरविलें होतें. वय सतरा, म्हणून वडिलांची संमती हवी. दादा सही देईना. पुतण्या म्हणे, "1998 सालीं पुण्याचे सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर गेले, 2012 सालीं गिरिप्रेमीचे आठ जण एकाच मोहिमेंत गेले. तीं काय घरादाराचीं माणसें नव्हतीं?" दादा उत्तर देत नसे. सोळाव्या वर्षीं शेंड्याच्या एका आंब्यासाठीं घळ टाकून तो हातानें फांदीवर गेला आणि पडला. तेव्हांपासून त्याचा डावा पाय आंखूड आहे. आमच्या घरांत ही गोष्ट कोणी काढीत नाहीं. खेळ चाले तेव्हां तो झोपाळ्यावर पाठ फिरवून बसे; झोपाळा मात्र हलत नसे.

आठव्या रात्रीं आवा एका उभ्या भिंतीच्या मधोमध होती. पाणी संपलें होतें, अंधार पडत होता, एकच खिळा उरला होता. वर हातभर अंतरावर एक कंगोरा दिसत होता. पुतण्यानें तिचा उजवा हात उचलला, तोंच मागून आवाज आला.

"डावा पाय बघ तिचा."

पाय लटपटत होता.

"आतां वर नको. खालीं घे."

"पण दादा, हा एवढा कंगोरा..."

"तो एवढाच असतो. मलाहि एवढाच वाटला होता."

ओटीवर कोणी बोललें नाहीं. खेळांत पडण्यानें कोणाचा पाय मोडत नाहीं; फार तर मागच्या तंबूपासून पुन्हां आरंभ. हें पुतण्यास ठाऊक होतें, दादासहि ठाऊक होतें. तरी त्यानें शेवटचा खिळा ठोकला, दोर लावला आणि एकेक पाऊल मोजीत तो आवास खालीं घेऊं लागला. यांत अर्धा तास तरी गेला असेल. दादा झोपाळ्यावरून उठून पडद्याजवळ येऊन उभा राहिला होता. मधून मधून तो "हं, आतां उजवा," एवढेंच म्हणे. तंबू गांठला तेव्हां राखणदारानें मोठा नि:श्वास सोडला आणि विचारलें, "आतां तरी जेवण?"

पानें वाढलीं तरी दादा आला नाहीं. मी बोलवावयास गेलों, तर तो पुतण्यास विचारीत होता, "त्या तुझ्या संस्थेंत उतरायचें शिकवतात का?"

"शिकवतात कीं. दोरावरून उतरायचें शिकवतात."

"कागद कोठें ठेवलास तो? आणि माझा चष्मा आण आंतून."