मोटारीतील दिवा आणि त्याचा जामीन

पुण्याहून सांगलीकडे परतणाऱ्या मोटारीत मागच्या आसनावर आजी बसल्या होत्या. रक्तदाबाची गोळी घेण्यासाठी त्यांनी डबी उघडली आणि गोळी हातातून निसटून आसनाखाली गेली. मोटारीत छताला एकच दिवा, तोही पुढच्या बाजूस. मागे अंधारच. अखेर मोटार रस्त्याच्या कडेला थांबवून मोबाईलच्या उजेडात गोळी शोधावी लागली. मार्केट यार्डात हळदीचा व्यापार करणाऱ्या अण्णांनी घरी पोहोचताच थोरल्या चिरंजीवांना सांगितले, “आईसाठी मागे दिवा बसवून घ्या.”

चिरंजीवांनी दुसऱ्याच दिवशी एका दुकानातून एलईडीच्या पट्ट्या बसवून आणल्या. एक मागच्या छताला, दुसरी पुढच्या आसनाखाली, मागे बसणाऱ्यांच्या पायांशी उजेड पडावा म्हणून. काम अर्ध्या तासात झाले. दुकानातील मुलाने सतत प्रवाह असलेल्या एका जाड तारेला जोड दिला, वर चिकटपट्टी गुंडाळली. “फ्यूज कशाला, शेठ? एवढासा तर दिवा!” हे त्याचे म्हणणे चिरंजीवांना पटले. आजी प्रसन्न झाल्या. सर्वांना वाटले, प्रश्न सुटला.

महिनाभराने एका संध्याकाळी आजी मोटारीत बसताच म्हणाल्या, “काहीतरी जळतंय रे.” आसनाखालून धुराची बारीक रेघ निघत होती. आजींना हाताला धरून खाली उतरवले आणि शेजारच्या गॅरेजमधील वृद्ध वायरमननी धावत येऊन बॅटरीची तार सोडवली. कोणालाही इजा झाली नाही. मात्र गालिचाचा हातभर तुकडा करपला.

वायरमननी आसन काढून दाखवले. आसन पुढे-मागे सरकवताना त्याच्या लोखंडी पट्टीखाली तार घासली जात होती. तिचे आवरण सोलले गेले आणि उघडे तांबे लोखंडाला टेकले. मोटारीच्या बॅटरीचे ऋण टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असते. त्यामुळे धन बाजूची तार सांगाड्याला लागताच प्रवाहाला मोकळी वाट मिळते. दिव्याला जेमतेम एक अँपिअर लागत असला, तरी अशा वेळी बॅटरी शेकडो अँपिअर देऊ शकते. तो भार बारीक तारेला पेलवत नाही. ती तापते आणि भोवतालचे कापड पेट घेते.

“अण्णा, फ्यूज दिव्यासाठी नसतो, तारेसाठी असतो,” वायरमन म्हणाले. “तारेला झेपणार नाही इतका प्रवाह आला, तर आधी त्याने वितळायचं.”

आयुष्यभर उधारीचे व्यवहार केलेल्या अण्णांना हे तत्काळ उमगले. “म्हणजे तारेचा जामीनच म्हणा की,” ते म्हणाले.

मग वायरमननी त्यांना हिशेब मांडून दाखवला. दोन्ही पट्ट्या मिळून एक मीटर. त्यांना सुमारे 14.4 वॅट शक्ती लागते. 12 व्होल्टने भागले की 1.2 अँपिअर. त्यासाठी 3 अँपिअरचा फ्यूज पुरेसा. “हा वारंवार जाऊ लागला, तर मोठा घालू नका, कारण शोधा,” असेही त्यांनी बजावले. दुसरा हिशेब विसराळूपणाचा होता. हाच दिवा 24 तास जळत राहिला, तर सुमारे 29 अँपिअर-तास खर्च होतात, आणि लहान मोटारीची बॅटरी साधारण 35 अँपिअर-तासांची असते. सकाळी गाडी सुरू होईलच याची शाश्वती उरत नाही.

म्हणून नवे काम निराळ्या रीतीने झाले. मूळ तार न कापता, किल्ली फिरवल्यावरच प्रवाह येणाऱ्या फ्यूजपेटीतील जागेवरून, स्वतंत्र फ्यूज लावून जोड घेतला. तार संरक्षक नळीतून, आसनाच्या पट्ट्यांपासून दूर नेली आणि जागोजागी बांधली. छताच्या कडेने जाणाऱ्या पडदा-एअरबॅगच्या वाटेत कोठेही तार येऊ दिली नाही, एअरबॅगच्या पिवळ्या तारांना तर हातही लावला नाही. धाकट्या नातवाला पुढच्या बाजूस निळे दिवे हवे होते. वायरमननी नकार दिला. रात्री त्या उजेडाचे प्रतिबिंब समोरच्या काचेत पडते आणि अंधाराला सरावलेल्या चालकाच्या डोळ्यांना रस्ता नीट दिसत नाही, हे त्यांनी त्या मुलाला चालकाच्या जागी बसवूनच दाखवले. मागच्या दिव्याचे बटण मात्र आजींच्या हाताशी बसवले.

या खेपेस कामाला पूर्ण दुपार गेली. चिरंजीव जवळ उभे राहून प्रत्येक जोड पाहत होते. निघताना ते खाली मान घालून म्हणाले, “अण्णा, मी तेव्हाच विचारायला हवं होतं.” अण्णांनी बोल लावला नाही. “मी तरी कुठं विचारलं?” एवढेच ते म्हणाले.

करपलेल्या तारेचा वीतभर तुकडा अण्णांनी पेढीवरच्या गल्ल्यात ठेवला आहे. नवी मोटार घेतलेले कोणी त्यात हौसेने दिवे बसवण्याची गोष्ट काढू लागले, की ते तो तुकडा पुढे ठेवतात आणि विचारतात, “फ्यूज किती अँपिअरचा घालणार?” आजींना या हिशेबाशी कर्तव्य नाही. अंधार पडला की त्या बटण दाबतात, डबी उघडतात आणि गोळी घेऊन दिवा आठवणीने मालवतात.