शेवटचा नळ

पाणी विकत घ्यावयाचे असते, ही कल्पना आमच्या लहानपणी वसईत कोणाच्या मनाला शिवली नसती. वाडीत विहीर होती, विहिरीवर रहाट होता आणि शेताच्या कडेला बावखल होते. रहाटाचा बैल थकला की उपसा थांबे, आणि बैल विसावा घेई तोवर विहिरीचे झरे पुन्हा भरून येत. पुढे रहाट गेले, मोटारी आल्या आणि मोटारींच्या मागोमाग टँकर आले. मोटार थकत नाही. रात्रंदिवस उपसा होऊ लागला तसतसे कित्येक विहिरींचे पाणी मचूळ होत गेले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीचे जे आंदोलन उभे राहिले त्यात आम्ही दोघेही, लग्नापूर्वी, मोर्चात चाललो होतो. एकाने उपसावे आणि दुसऱ्याची विहीर आटावी, हा अन्याय आहे हे आम्हांला कोणी शिकवावयास नको, असा आमचा समज होता.

तो समज सेलूत उतरला.

परभणी जिल्ह्यातील सेलू हे मनमाडहून सिकंदराबादकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर परतूरच्या पुढे लागणारे, कापसाच्या बाजारपेठेचे आणि केशवराज बाबासाहेब महाराजांच्या मंदिराचे गाव. नोकरीतील बदलीमुळे आम्ही २०१४ च्या जूनमध्ये तेथे बिऱ्हाड केले. मुले शिक्षणासाठी मुंबईत होती, त्यामुळे घरात माणसे दोनच. तालुक्यातच ब्रह्मवाकडी येथे दुधना नदीवर निम्न दुधना प्रकल्पाचे धरण आहे. त्याची एकूण साठवण ३४४ दशलक्ष घनमीटरांच्या घरात असून त्यांतील शंभराहून अधिक मृतसाठ्याची आहे. धरण उशाला असताना पाण्याची काय चिंता, असे आम्ही पहिल्या दिवशी म्हटले. घरमालक नुसते हसले.

नळाला पाणी कधी पाच दिवसांनी येई, कधी आठ. ते केव्हा येईल याचा नेम नसे, बहुधा रात्री येई. घरात हौद होता, गच्चीवर काळी टाकी होती, आणि नळाच्या नळीला थेट जोडलेली अर्ध्या अश्वशक्तीची मोटार होती. ती आमच्या आधीच्या भाडेकरूंची. जाताना त्यांनी ती स्वस्तात देऊ केली आणि आम्ही घेतली. गल्लीत बहुतेकांकडे होती. नळाला पाणी आले की गल्लीभर एकच घरघर सुरू होई, दीड तासात आमचा हौद नि टाकी मिळून तीन हजार लिटर भरत, आणि आम्ही समाधानाने झोपी जात असू.

पाऊस २०१४ मध्ये कमी झाला आणि २०१५ मध्येही. जायकवाडी तळाला गेले. २०१६ च्या मार्चमध्ये लातूरमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदीचे १४४ कलम लावण्यात आले, आणि पाठोपाठ परभणीतही. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाणीगाडी पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोहोचली. रेल्वेने पाणी आणावे लागते हे दृश्य दूरदर्शनवर पाहून आम्ही हळहळलो. हळहळण्यासाठी एवढे दूर पाहण्याची गरज नव्हती, हे आम्हांला त्याआधीच, उपवासकाळाच्या चौथ्या आठवड्यात, कळले होते.

दुपारची वेळ होती. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या मावशी दाराशी आल्या. त्यांचे मूळ गाव धरणाच्या पाण्याखाली गेलेले. मिळालेल्या पैशांत त्यांनी सेलूच्या कडेला दोन खोल्या बांधल्या होत्या. घरात लहानमोठी सात माणसे. कधी काही मागावयास न आलेल्या त्या बाई बराच वेळ उंबऱ्याशी उभ्या राहिल्या आणि मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "ताई, पिण्याचं नाही मागत. तुम्ही कपडे धुतलेलं पाणी मोरीत सोडता ना, तेवढं बादलीत धरून ठेवाल का? सून बाळंतीण झाली. तिला पहाटं रानात कसं धाडू?"

त्यांच्या घरी सरकारी अनुदानातून बांधलेला संडास होता. दार होते, भांडे होते, भिंतीवर रंगवलेली घोषणाही होती. पाणी नव्हते. घरातील बायका पहाटे चारला उठून रेल्वेरुळांपलीकडे जात, आणि संडासात गोवऱ्या रचून ठेवलेल्या होत्या.

आम्ही बादली भरून दिली, धुण्याचे नव्हे, चांगले पाणी दिले. दानशूरपणाचे एक सुख असते, ते आम्ही त्या क्षणी अनुभवले हे लपवीत नाही. मावशींनी बादली उचलली आणि जाता जाता, तक्रारीचा लवलेशही नसलेल्या स्वरात म्हणाल्या, "तुमच्या मोटारीचा आवाज थांबल्याबिगर आमच्या नळाला थेंब येत नाही. पोरगं कान देऊन बसतं. पण बहुतेक वेळा मोटार थांबली की नळबी जातो."

त्या रात्री आम्ही वहीत हिशेब मांडला. आमचे तीन हजार लिटर, माणसे दोन, दिवस आठ: माणशी रोजचे १८७ लिटर. मावशींकडे दोनशे लिटरची दोन पिंपे, तीही भरली तर. माणसे सात, दिवस आठ: माणशी सात लिटर. भुयारी गटार असलेल्या शहरासाठी शासकीय मापदंड तेव्हा माणशी १३५ लिटरांचा होता, गटार नसलेल्या गावासाठी ७० चा. युद्धात वा भूकंपात निराधार झालेल्यांच्या छावणीतही माणशी किमान १५ लिटर द्यावे, असा मदतकार्याचा जागतिक दंडक आहे. म्हणजे दुष्काळात होरपळणाऱ्या मराठवाड्यात आम्ही दोघे महानगराच्या मापदंडाहून अधिक पाणी वापरीत होतो, आणि शंभर पावलांवर निर्वासितांच्या अर्ध्यानेही वापरले जात नव्हते. आणि ज्या पाण्यासाठी त्यांचे गाव बुडाले, तेच पाणी आमच्या हौदात पडत होते.

सात लिटरांत माणूस काय करतो? पिण्याला आणि स्वयंपाकाला पाणी लागतेच, ते सुटत नाही. मग कपात होते ती आंघोळीत, हात धुण्यात आणि सर्वांत आधी संडासात. तहान बोलून दाखविता येते. तहानेसाठी मोर्चा निघतो, वर्तमानपत्रात छायाचित्र येते. ही दुसरी गरज मात्र बाईमाणूस ओठांवर आणीत नाही. ती दिवसा पाणी कमी पिते, पोट दाबून काळोखाची वाट पाहते. टंचाईचा पहिला कर ती भरते आणि त्याची पावती कोठेही फाटत नाही.

एवढे कळल्यावर आम्ही दुसऱ्या दिवशी मोटार काढून टाकली असे लिहिता आले असते तर बरे झाले असते. तसे घडले नाही. पुढच्या पाळीलाही आम्ही मोटार लावली. 'आपण एकट्याने बंद करून काय होणार, आपले पाणी शेजारचा ओढील,' असे आमच्यापैकी एकाने म्हटले आणि दुसऱ्याने मान हलविली. हा युक्तिवाद खोटा नव्हता, हीच अडचण. सगळ्यांच्या मोटारी चालू असताना एकट्याने बंद ठेवली तर पाणी शेवटच्या नळापर्यंत पोहोचत नाही, मधल्यामध्ये संपते. वसईच्या टँकरवाल्यांचेही म्हणणे हेच होते.

मिस्सेसाठी आम्हांला रेल्वेने दुसऱ्या गावी जावे लागे. त्या वर्षी २४ मार्चला पवित्र गुरुवार होता. पाय धुण्याच्या विधीत स्त्रियांनाही घ्यावे, अशी मुभा पोप फ्रान्सिस यांनी त्याच वर्षीच्या जानेवारीत दिली होती, आणि बाराजणांत चार बाया बसल्या होत्या. फादरांनी तांब्याने पाणी घातले, खाली परातीत गढूळ पाणी साचले. एरव्ही आमचे डोळे वेदीकडे असतात, त्या दिवशी ते परातीकडे लागले होते. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले ते धुळीने, शेणामातीने भरलेले पाय होते. ते काम घरातल्या सर्वांत खालच्या चाकराचे. आम्ही मात्र मावशींनी मागितलेले धुण्याचे पाणी त्यांना न देता चांगले पाणी दिले होते, आणि त्यालाच मोठेपणा समजलो होतो. त्यांनी मागितली होती ती भीक नव्हती. त्यांना आमच्या मोरीतून वाहून जाणारे हवे होते, आणि न बोलता, आमच्या मोटारीने ओढलेले त्यांचे स्वतःचे.

दिवंगत पोप महोदयांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात सुरक्षित पाणी हा मानवाचा मूलभूत हक्क मानला आहे, आणि पाण्यावाचून राहणाऱ्या गरिबांचे जगावर ऋण असल्याचे म्हटले आहे. ऋण आणि दान यांत फरक आहे. ऋण फेडले म्हणून कोणी आभार मानीत नाही.

महाराष्ट्रात हा विचार नवा नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी देवस्थानची सुमारे ४० एकर जमीन कसावयास घेतली आणि त्यातून पुढे पाणी पंचायत उभी राहिली. तिचा नियम आम्हांला नेहमीच सुवार्तेच्या जवळचा वाटत आला आहे: पाणी जमिनीच्या एकरांवर नव्हे, घरातील माणसांवर मोजायचे. माणशी अर्ध्या एकराचे, एका कुटुंबाला फार तर अडीच एकरांचे. भूमिहीनालाही वाटा. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जात नाही. नाशिक जिल्ह्यात ओझरच्या शेतकऱ्यांनी वाघाड धरणाच्या कालव्यावर १९९० च्या दशकात पाणीवापर संस्था काढल्या. त्यांचे दुखणे हेच की ते कालव्याच्या टेलला होते आणि टेलला पाणी पोहोचत नव्हते. आधी टेलला पाणी, मग वर, हे तत्त्व पाटाच्या पाण्याबाबत आता जाणकारांत सर्वमान्य आहे. गावातल्या नळाबाबत ते कोणी बोलत नाही. आणि टेलला कोण राहतो हेही सहसा विचारले जात नाही. वस्तीच्या कडेला कोणाला बसविले गेले याचा इतिहास नळाच्या नळीहून पुष्कळ जुना आहे. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा. आमच्या गल्लीतला नळ त्यानंतर ८९ वर्षांनीही त्याच दिशेने वाहत होता.

ईस्टरनंतरच्या आठवड्यात आम्ही शेजारच्या काकांकडे विषय काढला. ते निवृत्त शिक्षक, गल्लीत त्यांच्या शब्दाला मान. भाषण न करता आम्ही ती वही त्यांच्यापुढे ठेवली. ते बराच वेळ आकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "माझं तर याहून वाईट निघेल." त्यांच्या ओट्यावर एका रविवारी आठ घरांची माणसे जमली. वादावादी झाली. 'आम्ही मोटारीला पैसे घातलेत,' असे एकजण म्हणाले. दुसऱ्यांचे म्हणणे, नगरपालिकेने बघावे. अखेर ठरले ते एवढेच: पाणी आल्यापासून पहिला पाऊण तास टोकाच्या तीन घरांचा. तोवर वरच्यांनी नळाची तोटी उघडायची नाही. त्यानंतर ज्याला मोटार लावायची त्याने लावावी, पण घरटी अर्धा तास. एक घर अखेरपर्यंत कबूल झाले नाही, त्यांची मोटार चालूच राहिली. तरी मावशींची दोन पिंपे भरू लागली आणि एक तिसरे आले.

संडासाचा प्रश्न एवढ्याने सुटणारा नव्हता. आमच्या भाड्याच्या घरात साखळी ओढायची जुनी टाकी होती, एका वेळेस दहा-बारा लिटर पाणी जाई. ती बंद करून आम्ही धुण्याचे पाणी बादलीत धरू लागलो. मावशींच्या संडासाचे भांडे मात्र आमच्याहून सरस निघाले. खेड्यांसाठी बनविलेल्या त्या भांड्याचा उतार तीव्र, पंचवीस-अठ्ठावीस अंशांचा असतो आणि खाली पाण्याची पातळ झडप, त्यामुळे दीड-दोन लिटरांत ते स्वच्छ होते. दोन खड्ड्यांपैकी एक भरला की दुसरा वापरायचा, पहिल्यातले वर्ष-दोन वर्षांत खत होते. सेलूची जमीन काळी, चिकण, तिच्यात पाणी मुरत नाही, म्हणून खड्डा मुरमापर्यंत न्यावा लागतो. त्यांचा नेलेला होता. सगळे शहाणपणाने बांधलेले, फक्त दोन लिटर पाण्यावाचून अडलेले. आमची रोज सांजची बादली आणि काकांकडची एक, एवढ्यावर ते चालू झाले. गोवऱ्या अंगणात आल्या.

पहिल्या दिवशी बादली न्यावयास मावशींची सून स्वतः आली, बाळ कडेवर घेऊन. ती काही बोलली नाही. आम्हीही बोललो नाही.

२०१६ चा पाऊस चांगला झाला. पाणी तीन दिवसांनी येऊ लागले, आणि दसऱ्यापर्यंत गल्लीत पुन्हा सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू होऊ लागल्या. आमची मोटार आम्ही काढून पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकली होती. त्यामुळे आमची टाकी भरेनाशी झाली आणि पाहुणे आले की ओढाताण होई. ही तक्रार नव्हे, घडले ते सांगतो. २०१७ मध्ये आमची बदली झाली. सामान बांधताना पुढच्या गल्लीतला एकजण माळ्यावरची मोटार बघून म्हणाला, चालू असेल तर हजार रुपये देतो. आम्ही ती विकली नाही, वसईला आणली. ती आज पडवीत पडून आहे.

काकांचा अधूनमधून फोन येतो. पाऊण तासाचा नियम आता फक्त मार्च ते जून पाळला जातो, तोही पाण्याच्या रात्री कोणी तरी ओट्यावर बसून राहिले तर. बहुतेक वेळा मावशींचा नातू बसतो. पोरगा आता नववीत आहे. कोणाच्या घरची मोटार लागली, हे तो आवाजावरून अचूक सांगतो, असे काका म्हणाले.