टाकीचा मूळ रंग

ग्वाल्हेरच्या पडाव भागात, फुलबागेतील राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीपासून फारशा दूर नसलेल्या एका गॅरेजात, माझ्या दिवंगत मामांच्या जावा मोटारसायकलीची नव्याने घडण चालली होती. आणि सांगाडा, चाके, वायरिंग यांविषयीचे निर्णय भराभर लागत गेले असताही रंगाचा प्रश्न तेवढा दीर्घकाळ अनिर्णित राहिला.

चेकोस्लोव्हाकियातील जावा कारखान्याच्या परवान्यावर म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ च्या सुमारास या गाड्यांचे उत्पादन आरंभले. अडीचशे सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन, दोन्ही अंगांस एकेक सायलेन्सर, आणि किक व गिअर या दोहोंचे काम करणारा एकच दांडा ही त्यांची लक्षणे त्या काळच्या मुलांना तोंडपाठ असत. मामा मोती महालातील कचेरीत नोकरीस होते. शहराच्या लष्कर भागातून ते या गाडीवर निघत आणि सुटीच्या दिवशी मला टाकीवर बसवून पडावच्या पुलापर्यंत फिरवून आणीत. पुढे मडगार्ड गंजले, मूळ बैठक नाहीशी झाली. तेव्हा आखूड मडगार्ड आणि एकट्याची बैठक असे निराळे रूप तिला देणे भाग पडले. रूपच पालटणार असल्यामुळे जुन्या गाडीशी दृष्टीला जोडून ठेवणारा एकमेव दुवा आता रंगच उरला होता, आणि म्हणूनच त्याची निवड मला इतकी गंभीर वाटत होती.

कुणी शिंदेशाहीचा भगवा सुचविला. ग्वाल्हेरात वाढलेल्या मराठी माणसाच्या मनात त्या रंगाविषयी जो आदर असतो, त्याच आदरापोटी तो मी मोटारसायकलीस लावू दिला नाही. माझ्या स्मरणातला रंग निश्चित होता: मातकट तांबूस, किंचित राखाडी झाक असलेला, उन्हाळ्यात हात लावला असता चटका देणारा. तोच हवा, असे मी रंगारी उस्तादांना सांगितले, आणि त्यांनी काही न बोलता पाणी-पेपर हाती घेतला.

टाकीवर पुढच्या मालकांपैकी कुणी तरी काळे इनॅमल चढविले होते. ओल्या पेपरने तळहाताएवढी जागा गोलाकार घासली जाताच काळ्याच्या कडेखालून निळ्याचे एक वलय निघाले, त्याच्या आत माझा तो मातकट तांबूस, आणि मधोमध रेड ऑक्साइडचे अस्तर. मला धन्यता वाटली. परंतु उस्तादांनी टाकीच्या बाजूस गुडघ्यांसाठी असलेले रबरी पॅड सोडविले, तेव्हा त्यांच्या आड कधीही ऊन न लागलेली एक पट्टी दिसली, आणि तिचा किरमिजी रंग पिकल्या करवंदाच्या रसासारखा गर्द व सतेज होता. "ऊपरवाला बनाऊँ या नीचेवाला?" एवढेच त्यांनी विचारले.

त्या प्रश्नाचे उत्तर मला लगेच देता आले नाही. वरचा रंग ग्वाल्हेरच्या उन्हाने, पंचेचाळीस अंशांच्या वैशाख-ज्येष्ठाने घडविलेला होता आणि माझे बालपण त्याच्याशी निगडित होते. परंतु मामांनी ज्या गाडीवर जीव जडविला, जिच्यासाठी आपल्या मर्यादित वेतनातून पैसा बाजूस टाकला, ती गाडी खालच्या रंगाची होती. माझे स्मरण जपावयाचे की त्यांचा आनंद, असा विचार केला असता माझ्या स्मरणाचा हक्क दुय्यम ठरतो, हे मला मान्य करावेच लागले. मी नीचेवाला सांगितला.

नमुन्यादाखल ती पट्टी समोर ठेवून उस्तादांनी मिश्रण जुळविले, पुट्टी व सरफेसरचे थर घासून गुळगुळीत केले, आणि अखेरीस किरमिजी व क्रोम यांच्या सांध्यावर सोनेरी रेघ ओढावयास बसले. लांब केसांचा कुंचला, करंगळी टाकीच्या कडेवर टेकलेली, आणि हाताऐवजी सबंध देहच मागे सरकतो आहे अशी ती क्रिया; यंत्राने कापलेली चिकटपट्टी लावून ही रेघ अधिक सरळ येते खरी, पण जुन्या टाक्यांवर वळणापाशी ती किंचित जाड होते, आणि ते जाडपण मला हवे होते.

गाडीचा रंग बदलला तर परिवहन कचेरीत अर्ज करून नोंद दुरुस्त करून घ्यावी लागते. मामांचे नोंदणीपुस्तक उघडून पाहिले, तो रंगाच्या रकान्यात कारकुनाच्या वळणदार अक्षरात 'मरून' असेच लिहिलेले होते. निदान रंगापुरता तरी अर्ज करण्याचे प्रयोजन उरले नाही.