सहाव्या वर्षीची दाढ

गडचिरोली जिल्ह्यातल्या सूरजागडच्या डोंगराखालच्या आश्रमशाळेत तपासणीला गेलं की माडिया मुलं आधी हात पुढे करतात, नखं कापली आहेत हे दाखवायला. तोंड उघडायला मात्र कुणी राजी नसतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकात मी डॉक्टर आहे; शिक्षण आयुर्वेदाचं, दातांचं नव्हे. तरी टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन माझा सगळ्यात जास्त वेळ तोंडातच जातो.

इकडे दात म्हटलं की गाडी खर्ऱ्यावर, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणावर जाते, आणि जायलाच हवी. ‘मुक्तिपथ’ अभियान 2016पासून जिल्ह्यात दारू-तंबाखूविरुद्ध काम करतंय, तरी एखाद्या पोराच्या खिशात पन्नी सापडतेच. पण या खर्ऱ्याच्या गलक्यात पाच रुपयांचा बिस्कीटपुडा साळसूदपणे निसटतो. लोहखनिजाचे ट्रक वाढले, रस्त्याला टपऱ्या लागल्या, आणि पुडा पोरांच्या हाताशी आला. बिस्किटाचा लगदा दाढेच्या खाचेत बसतो, जंतू त्यातल्या साखरेचं आम्ल करतात आणि त्यानं दाताचं कवच विरघळतं. लाळ थोडी डागडुजी करते, पण झोपेत ती कमी सुटते. म्हणजे खरी गरज रात्री घासण्याची. आणि शाळेत घासणं फक्त सकाळी, नळावर, रांगेनं.

पहिलीतल्या एका मुलीच्या खालच्या दाढेत काळा खड्डा होता. अधीक्षिका म्हणाल्या, “दुधाचीच असेल सर, पडून जाईल.” मी मुलीला मधल्या दातापासून बोटानं मागे मोजायला लावलं. सहावी. ही दाढ साधारण सहाव्या वर्षी सगळ्यांत मागे येते. तिच्यासाठी दुधाचा दात पडत नाही, म्हणून ती आल्याचं घरात कुणाला कळत नाही. ती गेली की पुन्हा येत नाही. तिच्यात मसाला भरायचा तर तालुक्याला जायचं, म्हणजे बापाची मजुरी बुडाली. हे फक्त माडिया मुलांचं नाही. मुलचेरा तालुक्यात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासित बंगाली कुटुंबांची गावं आहेत. तिथल्या नातवंडांच्या तोंडातही हीच दाढ किडलेली दिसते.

नातीला भेटायला आलेले एक आजोबा करंजाची काडी चावत ऐकत होते. दात अजून ठणठणीत. श्रेय ते काडीला देतात. मी अर्धं आंबिलीला देईन, कारण त्यांच्या लहानपणी साखर तोंडात जायची कधीमधीच. काडी सोडा असं मी कुणाला सांगत नाही. मुलांना सोबत फ्लोराइडची पेस्ट द्या, वाटाण्याएवढी, एवढंच सांगतो. त्यावर एक गुरुजी बिचकले. चंद्रपूरकडच्या काही गावांत पाण्यातल्या फ्लोराइडनं डागाळलेले दात त्यांनी पाहिले होते. पण ते पाणी वर्षानुवर्षं पोटात जातं. पेस्ट दाताला लावून थुंकायची असते.

रात्रीच्या जेवणानंतर ब्रश करायचं ठरलं, तेव्हा कामाठी बाई म्हणाल्या, “रातच्याला लाईनच नसते सर, मंग नळावर कोण जाईल?” रास्त प्रश्न होता. मग नळ सोडला. आता मुलं वऱ्हांड्यातच घासतात आणि कडेच्या नालीत थुंकतात. खळखळून चूळ भरायची नाही, म्हणजे पेस्टचा अंश दातांवर राहतो. त्यामुळे पाणीही लागत नाही. नालीचा वास येतो म्हणून अधीक्षिका कुरकुरतात. त्यांना चुना टाकायला सांगितलाय.