चेहरा उतरला, पण साखरही उतरली!

आपल्या वस्तीत बाई जाड झाली तर कुणाला काळजी वाटत नाही. "खात्यापित्या घरची आहे" म्हणून उलट कौतुकच होते. पण तीच बाई बारीक झाली, की विहाराच्या पायरीपासून नळाच्या रांगेपर्यंत एकच चौकशी सुरू होते, "काय गं, बरं नाही का?" गेले वर्षभर मी या चौकशीला उत्तरे देत आहे. माझ्यासारख्या अनेक भगिनी घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली अशा सगळ्या वस्त्यांत असतील. म्हणून या विषयावर मोकळेपणाने लिहावे असे वाटले.

माझे वय बावन्न. महापालिकेच्या शाळेत मदतनीस आहे. दोन वर्षांपूर्वी सारखी तहान लागू लागली, रात्री चार-चार वेळा उठावे लागे. राजावाडी रुग्णालयात रक्त तपासले. तीन महिन्यांची सरासरी साखर ९.८ निघाली. वजन होते ८४ किलो आणि उंची पाच फूट एक इंच. डॉक्टरबाईंनी गोळ्या दिल्या आणि म्हणाल्या, "मावशी, वजन कमी करा. पण उपाशी राहू नका."

मी तसेच केले. चहातली साखर बंद केली. भाताचा ढीग होता तिथे एक वाटी भात आला. ज्वारीची एकच भाकरी, पण डाळ, मटकी, चवळी, अंडे, कधी बोंबील-सुकट हे वाढवले. पहाटे पाऊण तास चालायला लागले. चौदा महिन्यांत अठरा किलो वजन उतरले. साखर ६.७ वर आली. शाळेचे तीन जिने चढताना गुडघे कुरकुरत ते थांबले. अंगात हलकेपणा आला.

आणि चेहरा? गाल आत गेले. नाकापासून ओठापर्यंत दोन खोल रेघा पडल्या. गळ्याखालची कातडी लोंबू लागली. फळा पुसायला हात वर केला की दंडाची कातडी हलायची आणि पहिलीतली पोरे हसायची. पुतण्याच्या मंगल परिणयात जालन्याच्या सोयऱ्यांनी मला ओळखलेच नाही. एक मामी तर कानाशी लागून म्हणाल्या, "काही मोठा आजार असेल तर लपवू नकोस गं बाई." आमचे हे काही बोलले नाहीत, पण रात्री आरशासमोर मी किती वेळ उभी राहते हे त्यांनी पाहिले होते.

इथवर ठीक होते. खरा प्रश्न माझ्या जावेमुळे उभा राहिला. ती मुलुंडला राहते. तिची साखर माझ्यापेक्षा जास्त. तिच्या आईचा पाय साखरेने गेला, तो आम्ही सर्वांनी पाहिला आहे. माझे बघून तिनेही चालणे सुरू केले होते. त्या लग्नानंतर तिने ते सोडले. विचारले तर म्हणाली, "ताई, तुमच्यासारखं तोंड होणार असेल तर मी आहे तशीच बरी." गोळ्याही तिने एक दिवसाआड केल्या. आमच्या महिला मंडळातल्या आणखी दोघी तेच बोलू लागल्या. माझा चेहरा पाहून बायका औषधपाणी सोडू लागल्या, तेव्हा मला गप्प बसवेना.

मी पुढच्या तपासणीला डॉक्टरबाईंनाच विचारले, हे असे का होते? त्यांनी नीट समजावले. आपल्या कातडीत कोलॅजन आणि इलॅस्टिन नावाचे धागे असतात. एक कातडीला बळकटी देतो, दुसरा ताणल्यावर परत जागेवर आणतो. वर्षानुवर्षे अंगावर चरबी राहिली की कातडी ताणलेली राहते. जुन्या इलॅस्टिकसारखे ते धागे सैल पडतात. मग आतली चरबी गेली तरी कातडी पूर्वीच्या मापाला येत नाही. गालाखालची चरबी म्हणजे तर चेहऱ्याची गादीच. ती गेली की रेघा दिसतात. वयानुसार कोलॅजन कमी होतच असते. पाळी गेल्यावर पहिल्या काही वर्षांत ते अधिक झपाट्याने कमी होते. त्यातून आपण उन्हात राबणाऱ्या बायका. ऊन कातडीला लवकर म्हातारी करते, विडी-सिगारेटही करते. मिश्रीने हिरड्या बिघडतात, साखरेनेही बिघडतात. दात पडले की गाल आणखी आत जातात. मिश्रीत तोंडाच्या कर्करोगाची भीती आहे ती वेगळीच.

म्हणजे हा आजार नव्हे. चरबीने इतकी वर्षे कातडीला जे केले, ते आता उघडे पडले, इतकेच.

उपाय काय? थोडे आहेत, ते सांगते. वजन हळूहळू उतरवावे. आठवड्याला अर्धा ते एक किलो पुरे. कातडी वर्ष-दीड वर्ष थोडीथोडी आवळत राहते, तेवढा धीर धरावा. डाळी-कडधान्ये, अंडी, मासे सोडू नयेत. हातापायाला थोडे वजन उचलण्याचा व्यायाम द्यावा. पाण्याच्या बाटल्या चालतात. त्याने स्नायू भरतात आणि दंड जरा भरीव दिसतो. उन्हात डोक्यावर पदर किंवा छत्री घ्यावी. साधे खोबरेल किंवा मलम लावले तर कातडी मऊ राहते, पण लोंबणारी कातडी कोणत्याही मलमाने आवळत नाही, मग त्याची किंमत पन्नास रुपये असो की पाच हजार. आणि दुकानदाराने दिलेली गोरेपणाची, डागांची ट्यूब लावू नये. अशा कित्येक ट्यूबांत स्टेरॉइड असते. आठ दिवस चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, लाल पडते, मुरुमे येतात, हनुवटीवर केसही येतात. पोटाखाली, काखेत कातडीच्या घडीला घाम साचून खाज सुटत असेल तर ती जागा कोरडी ठेवावी. जखमाच होत असतील तर केईएम, सायन यांसारख्या पालिका रुग्णालयांत प्लास्टिक सर्जरीचा विभाग आहे, तिथे दाखवावे. २०२५ पासून आपल्या देशात वजन उतरवण्याची नवी इंजेक्शनेही मिळू लागली आहेत. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायची असतात. आणि त्यांनी वजन झपाट्याने उतरले तरी चेहरा असाच उतरतो.

माझ्या मुलीने प्रेमापोटी स्टेशनजवळच्या एका क्लिनिकची जाहिरात आणली होती. सहा बैठका, पंचेचाळीस हजार रुपये, हप्त्याची सोय. मी विचारून घेतले, किती दिवस टिकेल? उत्तर आले, वर्षभर, मग पुन्हा करावे लागेल. पंचेचाळीस हजारांत धाकट्याच्या डिप्लोमाची वर्षाची फी होते. मी मुलीला जवळ घेतले आणि नको म्हटले.

आणखी एक महत्त्वाचे. लोक चौकशी करतात त्यात त्यांचा सगळाच दोष नाही. गिरण्यांच्या काळापासून आपल्या चाळींत, झोपड्यांत माणूस वाळू लागला की तो क्षय असे आपण पाहत आलो. म्हणून हे ध्यानात ठेवावे: ठरवून, खाणे मोजून वजन उतरले तर घाबरू नये, पण काही न करता उतरू लागले, खोकला दोन आठवड्यांवर गेला, संध्याकाळी ताप येऊ लागला, तर त्याच दिवशी पालिकेच्या दवाखान्यात थुंकी तपासावी. क्षयाची तपासणी आणि औषध सरकारी दवाखान्यात फुकट आहे. रुग्णाला पोषणासाठी दरमहा पाचशे रुपये मिळत, ते नोव्हेंबर २०२४ पासून हजार झाले आहेत. साखर वाढली, थायरॉइड बिघडले तरी वजन घटते. कारण कळले पाहिजे. लाजून घरात बसू नये.

यंदाच्या वर्षावासात आमच्या विहारात भन्तेजींनी कोसलचा राजा प्रसेनजित याची कथा सांगितली. संयुत्त निकायात ती आहे. राजा भाताची मोठी पातेली रिचवायचा आणि धापा टाकीत भगवंतांकडे यायचा. भगवंतांनी त्याला शाप दिला नाही, उपासही सांगितला नाही. जेवताना भान ठेवणाऱ्याचे दुखणे कमी होते आणि त्याचे म्हातारपण सावकाश येते, एवढेच सांगितले. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला तो उपदेश पाठ करायला लावला आणि रोज जेवणाच्या वेळी म्हणायला सांगितले. हळूहळू राजाचे जेवण एका मापावर आले. अंग सडपातळ झाले, तेव्हा त्याने स्वतःच्या अंगावरून हात फिरवून भगवंतांचे आभार मानले. राजाची कातडी लोंबली की नाही हे सुत्तात नाही. पण तो अंगावरून हात फिरवून आनंदला, हे आहे.

उपाशी राहण्याचा मार्गही भगवंतांनी स्वतः करून पाहिला होता. बरगड्या वर आलेली, डोळे खोल गेलेली त्यांची गांधार शैलीतली मूर्ती लाहोरच्या संग्रहालयात आहे. तो मार्ग व्यर्थ आहे हे कळताच त्यांनी सुजाताची खीर घेतली आणि पुढे जगाला मध्यम मार्ग दिला. आमच्या डॉक्टरबाईंनी "कमी करा, पण उपाशी राहू नका" म्हटले, ते मला याच मार्गाचे वाटले.

आणि सुरकुत्यांचे म्हणाल, तर त्या खुद्द भगवंतांनाही आल्या. श्रावस्तीला विशाखा उपासिकेने बांधलेल्या विहारात ते संध्याकाळच्या उन्हात पाठ शेकत बसले होते. आनंद त्यांचे अंग चोळीत होते. आनंद म्हणाले, भगवंतांची कांती आता पूर्वीसारखी राहिली नाही, अंग सैल पडले, सुरकुत्या आल्या, देह पुढे वाकला. भगवंतांनी ते नाकारले नाही. तारुण्यातच जरा असते, असे शांतपणे सांगितले. वैशालीच्या आम्रपालीच्या रूपाची तर सर्वत्र कीर्ती. थेरीगाथेत तिने आपल्या केसांपासून पायांपर्यंत एकेका अवयवाचे वार्धक्य मोजून सांगितले आहे. लाज नाही, रडगाणे नाही.

म्हणून चेहऱ्याची काळजीच करू नये, असे मात्र मी म्हणणार नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या आया-आज्यांना लुगडे नेसण्याची रीत बदलायला सांगितली, अस्पृश्यतेची खूण असलेले जाडजूड दागिने टाकायला सांगितले. नीटनेटके दिसणे हा आपल्यासाठी नट्टापट्टा नाही, स्वाभिमान आहे. मी केस नीट विंचरते, मापाची नवी पोलकी शिवून घेतली, चष्म्याची काडी बदलली. जुनी सैल पोलकी घालून मीच अधिक आजारी दिसत होते, हे मुलीने दाखवून दिले.

बाबासाहेबांनाही मधुमेहाने छळले. त्या आजारातच त्यांनी संविधानाचे काम पुरे केले आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपल्याला धम्म दिला. त्या दिवसांतले त्यांचे छायाचित्र आपल्या घराघरात आहे. थकलेला तो चेहरा पाहून कुणी म्हणते का, की हा चेहरा उतरला आहे? आपण त्याच्यापुढे हात जोडतो. आपल्याला दवाखाना, गोळ्या, तपासण्या हाताशी आहेत. त्या न घेता पाय गमावायचा, तो कशासाठी? भरलेल्या गालांसाठी?

जावेला मी माझे दोन्ही रिपोर्ट दाखवले, आधीचा आणि आताचा. सासूबाईंच्या देखत म्हटले, "माझ्या तोंडाकडे नको, या कागदाकडे बघ." ती लगेच काही बोलली नाही. पण गोळ्या रोज घेते, आणि रविवारी माझ्याबरोबर चालायला येते. आठवड्याचे सात दिवस व्हायला वेळ लागेल. लागू दे.

भगिनींनो, कुणी बारीक झालेली बाई दिसली तर "काय झालं?" असे दुरून विचारू नका. जवळ जाऊन विचारा, "तपासलंस का? साखर किती?" आणि तिने ठरवून वजन उतरवले असेल तर तिची पाठ थोपटा. तिच्या चेहऱ्यावरच्या रेघा मेहनतीच्या आहेत.

जयभीम!