सांता मोनिकाच्या भिंती

आमच्या इंदुरातील एका गृहस्थांची कन्या व्रतस्थ होऊ इच्छिते. पित्याची ना नाही; परंतु 25 फेब्रुवारी 1995 रोजी उदयनगरहून इंदुरास निघालेल्या सिस्टर राणी मारिया यांची वाटेत झालेली हत्या ते विसरलेले नाहीत. 2017 साली याच नगरीत सिस्टरांस धन्यवादित घोषित करण्यात आले; तरी बापाचे काळीज ते! “फादर, जायचेच तर तिला उंच भिंतींच्या मठात जाऊ द्या,” असे ते आम्हास म्हणाले. तेव्हा आम्ही त्यांस जी हकिकत सांगितली, तीच वाचकांपुढे ठेवतो.

जुन्या गोव्यास जाणारी आमची मंडळी संत फ्रान्सिस झेवियर यांचे दर्शन घेऊन परततात. टेकडीवरच्या सांता मोनिका मठाकडे क्वचितच कोणी वळतो. आर्चबिशप मेनेझिस यांनी 1606 साली तो स्थापिला. जांभ्या दगडाची ही तीन मजली वास्तू 1627 साली पुरी झाली. मुख्यतः पोर्तुगीज घराण्यांतील कन्या व विधवा येथे येत. त्यांच्या हुंड्यांनी मठ इतका धनाढ्य झाला की नगरसभेने राजाकडे गाऱ्हाणी नेली. (आपल्या नाताळातील बिबिंक याच मठातील एका भगिनीने प्रथम केली, अशी आख्यायिका आहे. खरेखोटे गोवेकरच जाणोत!)

1636 साली आगीने मठ जळाला. भगिनींनी तो पुन्हा उभारला. इंग्लंडात मठाध्यक्षा संत हिल्डा यांनी 657 साली स्थापिलेला व्हिट्बीचा मठही डेन लोकांनी उद्ध्वस्त केला होता. तोही दोन शतकांनी पुन्हा उभा राहिला.

सांता मोनिका मात्र एका कागदाने संपला. 1834 साली पोर्तुगाल सरकारने पुरुषांचे मठ बंद केले. भगिनींस कोणी बाहेर काढले नाही. फक्त नवी मुलगी घेण्यास मनाई झाली. शेजारचे अगस्तिनी साधू गेले, 1842 साली त्यांच्या मंदिराचे छत कोसळले. रोगराईने शहर आधीच ओसाड झाले होते. 1843 साली राजधानीही पणजीस गेली. भिंती शाबूत होत्या, प्रार्थनेची घंटा होत होती, आणि दर काही वर्षांनी एक आसन रिकामे होत होते. अशी पन्नास वर्षे गेली. शेवटची भगिनी 1885 साली वारली.

पुढे 1964 साली त्याच वास्तूत धर्मभगिनींना ईशज्ञान शिकविणारी ‘मातेर देई’ संस्था सुरू झाली, आणि त्या दाराने मुली पुन्हा आत आल्या. शिक्षण पुरे करून त्या बाहेरही पडल्या, खेड्यापाड्यांकडे.